बाबांनी लावलेला टॅग

माझ्या वडिलांच्या कॉम्प्युटरवर मेलचा एक जुना प्रोग्राम होता. मेल मोबाइलवर येतं आणि उभ्या उभ्या वाचता येतं, हे त्यांना पटतच नसे. त्यांचा फोन बटणांचा. टपाल म्हणजे टेबल हवं, खुर्ची हवी, चष्मा हवा. निवृत्त झाल्यावर बोईसरच्या त्यांच्या दोन खोल्यांत ते रोज सकाळी आंघोळ-पूजा आटोपून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसत. मग तो प्रोग्राम उघडायचा, मेल आणायचं बटण दाबायचं आणि हाताची घडी घालून वाट बघायची. येऊन येऊन येणार काय, तर विजेचं बिल, पेन्शनरांच्या संघटनेची पत्रकं आणि न मागितलेल्या जाहिराती. एवढ्यासाठी इस्त्री कशाला मोडता, असं मी चिडवायची. ते म्हणायचे, "टपाल ते टपाल. बनियनवर बघत नाहीत."

आषाढात एका दुपारी त्यांचा फोन आला. मी पालघरला राहते आणि कोळगावच्या जिल्हा मुख्यालयात कारकून आहे. समोर माणसांची रांग होती. बाबा म्हणाले, "मेल लागंना. सर्व्हर सापडत न्हाय म्हणतंय." मी म्हणाले, रविवारी येते. सहसा ते "सवडीनं ये" म्हणत. या वेळी म्हणाले, "रविवारी नक्की ये. चुकवू नको." तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण रांगेतला एक जण टेबलावर बोटं वाजवत होता आणि माझं डोकं तापलं होतं.

रविवारी गेले तेव्हा मी चहाचा घोट घ्यायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं. "मी तुझ्या भावाला मेल लिवलंय. त्याचं उत्तर येणार आसंल आणि हे लागत न्हाय."

मी कप खाली ठेवला. माझा भाऊ आणि बाबा गेली कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

ते सांगायचं तर आधी बाबांचं काम सांगायला हवं. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. बाबा तरुणपणी तारापूरच्या कारखान्यांत कामाला आले आणि बॉयलरवर लागले. बॉयलर चालवणाऱ्या माणसाचा पहिला नियम असा, की रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, समोर येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. वाफेचा दाब चढलेला असतो, खाली माणसं काम करत असतात. पोट दुखो, ताप असो, घरी पाहुणे येवोत, जागा सोडायची नाही. बाबांना हा नियम देवाच्या नियमासारखा होता. किंबहुना देवाला ते कधीकधी उशिरा हात जोडत.

आईला झटका आला तेव्हा बाबा दुसऱ्या पाळीला होते. माझं लग्न झालेलं, मी पालघरला. घरी फक्त भाऊ, नुकताच आयटीआय झालेला. त्यानं आईला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि कारखान्याच्या गेटवर निरोप धाडला. निरोप बाबांना मिळाला. पण त्या दिवशी रिलीव्हर आला नव्हता, आणि दुसरा बॉयलरवाला शोधून आणेपर्यंत वेळ गेला. बाबा धावत पोचले तेव्हा आई गेली होती. मीही उशिराच पोचले. आईचा हात शेवटपर्यंत धरून बसला होता तो एकटा भाऊ.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यानं बाबांना विचारलं, "का नाही आलात?"

बाबा म्हणाले, "रिलीव्हर न्हवता."

एवढंच म्हणाले. खरं तेच होतं, पण त्या वेळी बोलायचं ते नव्हतं. भाऊ ओरडला, "तुम्हाला आईपेक्षा बॉयलर जवळचा!" वर्षश्राद्ध झाल्यावर तो आखातात नोकरीला निघून गेला. माझ्याशी राखीला, वाढदिवसाला बोलायचा, पण एका अटीवर. बाबांचा विषय काढला की फोन ठेवायचा. इकडे बाबांची अट दुसरी होती. "आमच्या दोघांत तू पडायचं न्हाय." दोघेही एकाच मुशीतले. मी आपली मधल्या भिंतीसारखी दोन्हीकडून मुकी.

आणि आता बाबांनी त्याला मेल लिहिलं होतं. पत्ता त्यांच्याकडे पहिल्यापासून होता. काय लिहिलं ते त्यांनी लपवलं नाही. "नवमीला ये. आईचं तू करायचं असतं. मी आहे तोवरच ही नवमी आहे."

आई सवाष्ण गेली. अशा बाईचं श्राद्ध आमच्याकडे पितृपक्षातल्या नवमीला करतात. अविधवा नवमी म्हणतात तिला. करायचं मुलानं, आणि नवरा जिवंत आहे तोवरच. नवरा गेला की ती तिथी संपली, पुढे दोघांचं एकत्र. मुलगा इथे नव्हता म्हणून बाबा दर वर्षी नुसती एक सवाष्ण जेवू घालत आणि पान मांडून हात जोडत. त्या वर्षी उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, हृदय थकलंय, जिने चढू नका. बाबांनी जिने सोडले आणि मेल लिहिलं.

"बाकी काही लिहिलंत?" मी विचारलं.

"बाकी काय?"

"म्हणजे, झालं ते विसरून जा, वगैरे."

"बॉयलर सोडता येत न्हवता," बाबा म्हणाले. "त्यात विसरायचं काय?"

डोकं आपटावंसं वाटलं. पण मी मुकाट्यानं कॉम्प्युटर चालू केला.

पडद्यावर लाल खूण येई आणि खाली लिहून येई, की सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही. मी वायफायचा डबा बंद करून चालू केला. माझ्या मोबाइलवर नेट छान चालत होतं, म्हणजे डबा निर्दोष. मग वायर काढून परत खोचली. पासवर्ड चुकला असेल म्हणून बाबांना परत घालायला सांगितला. तो त्यांनी मला पाठ फिरवायला लावून घातला. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर बसला की मुलं येऊन पोर्टचा नंबर बदलतात ते मी पाहिलं होतं, म्हणून तोही बदलून पाहिला, आणि परत होता तसा केला. व्हायरस अडवणारा प्रोग्रामही थोडा वेळ बंद ठेवून पाहिला. लाल खूण आपली तिथेच.

"बाबा, माझ्या मोबाइलवर तुमचं मेल उघडते. पासवर्ड सांगा, आत्ता दिसेल उत्तर आलंय का."

"नको."

"अहो, एका मिनिटाचं काम आहे."

"माझं टपाल माझ्या टेबलावर येऊ दे," बाबा म्हणाले. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

असे दोन-तीन रविवार गेले. मी यायची, त्या खुर्चीत बसायची, लाल खूण बघून चरफडायची. बाबा मागे उभे राहून बघत. त्यांना काही म्हणायचं असे ते माझ्या पाठीला जाणवे. एकदा म्हणाले, "उत्तर आलेलं आसंल गं. तिकडं सर्व्हरवर पडून आसंल." मी म्हणाले, असेल. मनात म्हणाले, देवा, असू दे.

या सगळ्यात सातपाटीहून मासे घेऊन येणारी मावशी होती. तिच्याकडूनच आई मासे करायला शिकली, नाहीतर आम्ही घाटावरची माणसं, आम्हाला बोंबील धुवायचा कसा हे माहीत नव्हतं. भावाला तिच्या हातचे ताजे बोंबील इतके आवडत, की लहानपणी तो तिची टोपली जिन्यावरून वर उचलून आणायचा. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून बंदरातल्या होड्या परत सुटल्यावर ती पहिल्यांदा आली त्या रविवारी मी घरीच होते. मला म्हणाली, "काय गं बाय, तुजा भाऊस येतो म्हनं? बाबानी मना सांगून ठेवलंय, नवमी झाली का दुसऱ्या दिवशी बोंबील आन, पोरगा हाय घरी."

मी बाबांकडे बघितलं. ते वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते.

दोष सापडला तो अगदी सहज. श्रावणात एका रविवारी मी कंटाळून खुर्चीत मागे रेलले होते. भिंतीवर कालनिर्णय होतं, खाली पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती, आणि दोन्हींत कित्येक वर्षांचं अंतर होतं. कॉम्प्युटर समजत होता की हे जुनंच कुठलं तरी वर्ष आहे. आतला घड्याळाचा सेल संपला की असं होतं. मशीन बंद केलं की ते तारीख विसरतं आणि पहिल्या दिवसावर जाऊन बसतं. सर्व्हर म्हणतो माझ्या ओळखपत्रावरची तारीख बघ, आणि हा म्हणतो असलं वर्ष अजून उजाडायचंच आहे. मग तो दार कसं उघडणार!

मी बाबांना विचारलं, "चालू करताना काही वेगळं येतं का हो?"

"येतं की. काळा पडदा येतो, इंग्रजीत कायतरी येतं. खाली लिवतं एफ-वन दाबा. मी दाबतो."

"रोज?"

"रोज. अलार्म आला की पयला अ‍ॅक्नॉलेज करायचा."

मी कपाळाला हात लावला. मशीन बिचारं रोज सकाळी ओरडून सांगत होतं, आणि बॉयलरवर जन्म काढलेला माणूस रोज इमानदारीनं बटण दाबून त्याला गप्प करत होता. मला हसू आलं. बाबाही हसले. पण मग माझी नजर परत त्या कोपऱ्यातल्या तारखेवर गेली. त्या वर्षी आई होती. त्या वर्षी या टेबलावर भाऊ परीक्षेचा अभ्यास करायचा आणि आई त्याच्यापुढे लाडू ठेवायची. मी तारीख दुरुस्त करायला गेले आणि बोट क्षणभर थांबलं. मला ते वर्ष पुसावंसं वाटत नव्हतं. हे मी बाबांना सांगितलं नाही.

बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात सेल घ्यायला गेले. दुकानदार म्हणाला, "बस यही? ये तो घड़ी वाला सेल है, मैडम." घरी येऊन झाकण उघडलं, जुना काढला, नवा बसवला, तारीख घातली. आता फक्त मेलचं बटण दाबायचं होतं.

बाबांनी माझा हात धरला.

"थांब. आता बंद कर."

"अहो, आता लागेल ना! बघू तर द्या लागतंय का."

"लागंल. तू केलंयस म्हणजे लागंल. मी माझा बघीन. एकटा."

मला ते समजलं. इतक्या वर्षांनी मुलाचं उत्तर येणार, ते लेकीसमोर वाचायचं नसेल. रडू आलं तर? बाबांना मी रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांनाही ते दाखवायचं नसणार. मी कॉम्प्युटर बंद केला. जाताना म्हणाले, "काय ते फोन करून सांगा." त्यांनी मान हलवली.

फोन आला नाही. पुढच्या रविवारी गेले, तर कॉम्प्युटरच्या बटणावर लाल टॅग बांधलेला होता.

आता या टॅगचंही सांगायला हवं, कारण आमचं सगळं बालपण त्याच्या धाकात गेलं. कारखान्यात कुठलं यंत्र दुरुस्तीला घेतलं, की दुरुस्त करणारा माणूस त्याच्या स्विचला आपल्या सहीचा लाल टॅग बांधतो. त्यावर लिहिलेलं असतं, काम चालू आहे, चालू करू नये. तो टॅग ज्यानं बांधला त्यानंच काढायचा. मालक आला तरी त्याला हात लावता येत नाही, कारण टॅगवाला माणूस आत यंत्राच्या पोटात असू शकतो. बाबांनी असे काही जुने टॅग घरी आणले होते. पंखा पुसायचा असला की रेग्युलेटरला टॅग. मिक्सर उघडला की प्लगला टॅग. एकदा आईनं लोणचं घातलं आणि ते मुरायच्या आत आम्ही फस्त करू नये म्हणून बरणीला टॅग लावून घेतला. आम्ही त्या बरणीभोवती दिवसचे दिवस घिरट्या घातल्या, पण झाकण उघडलं नाही. भावाच्या दहावीला टीव्हीला टॅग लागला, तर शेजारची पोरंसुद्धा परत गेली.

भाऊ एकदा जेवताना म्हणाला होता, "बाबा, समजा टॅगवाला माणूस विसरून घरी गेला, तर?"

बाबांनी घास ठेवून नीट सांगितलं होतं. "मग त्याला बोलवायचं. तो येऊच शकत नसंल तर दोघांनी मिळून काढायचा. एकट्यानं न्हाय. दोघांपैकी एक त्याच्याच खात्याचा पायजे. आधी लाइन फिरून बघायची. मग त्याच्या नावानं मोठ्यानं हाक मारायची, आत तर न्हाय ना. उत्तर आलं न्हाय, तरच सोडायचा."

तो टॅग आता मेलच्या कॉम्प्युटरवर होता. खाली बाबांची सही.

"बाबा, आता काय झालं? परत बिघडलं?"

"काम चालू आहे."

"कसलं काम?"

"माझं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी नजर चुकवली, आणि मग मला सगळं लख्ख कळलं. मशीनला काहीच झालेलं नव्हतं. मशीन लागत नव्हतं तोवर उत्तर तिकडे सर्व्हरवर पडलेलं होतं, आणि ते 'येतो' असंच होतं. आता मशीन लागणार होतं, आणि उत्तर कदाचित 'येत नाही' असं असणार होतं, किंवा उत्तर नसणारच होतं. दाब किती चढलाय हे काट्यावर बघून हात न थरथरणारा हा माणूस एका बटणाला भ्याला होता. मला त्यांचा राग आला, आणि दया इतकी आली, की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले. टॅग काढायचा विचारही माझ्या मनात आला नाही. ज्याने लावला त्याने काढायचा. लोणच्याच्या बरणीपासून हे आमच्या रक्तात होतं.

गणपतीत भावाचा फोन आला. बोलणं संपता संपता त्यानं विचारलं, "बाबा कसे आहेत?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी इतकी दचकले की नुसतं "बरे आहेत" म्हणाले. तो "बरं" म्हणाला. मला वाटलं, यायचं नाहीये म्हणून मन खातंय. बाबांना मी हे बोलले नाही. दोघांत पडायचं नव्हतं.

नवमीला मी सकाळीच बोईसरला गेले. खीर केली, वडे तळले, लाल भोपळ्याची भाजी केली. सवाष्ण मीच. बाबांनी आईच्या फोटोसमोर पाट मांडला, त्याच्या बाजूला आणखी एक पाट मांडला, आणि धोतर नेसून दाराशी खुर्ची टाकून बसले. दार उघडंच ठेवलं होतं. जिन्यावर पाऊल वाजलं की त्यांची मान वर होई. दुपार कलली. वडे गार झाले. शेवटी मी म्हणाले, "बाबा, नैवेद्य दाखवू या." ते उठले. दुसरा पाट त्यांनी स्वतः उचलून भिंतीला टेकवला. जेवताना एवढंच म्हणाले, "खीर तुझ्या आईसारखी झालीय." ती झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मला मावशीनं नंतर सांगितलं. ती सांगितल्याप्रमाणे बोंबील घेऊन आली. दारातून डोकावून म्हणाली, "पोरगा नाय आला, बाबा?" बाबा म्हणाले, "येईल." आणि सगळे बोंबील घेतले. एकट्या माणसानं, पितृपक्षात, ज्याला डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं. मावशी म्हणाली, "मी नको बोल्ले गं. पन त्यानी आयकलाच नाय. मंग मीच धुवून दिले."

बाबा कार्तिकात गेले. सकाळी त्याच टेबलाशी, इस्त्रीचा शर्ट घालून, बंद पडद्यासमोर. शेजाऱ्यांनी मला फोन केला. मी भावाला केला. बाबांचा विषय काढायचा नाही ही अट त्या दिवशी मोडली, आणि त्यानंही फोन ठेवला नाही. तो पलीकडे मोठमोठ्यानं रडत होता. मिळालं त्या विमानानं आला, पण बाबांना पोचवून आम्ही परतलो होतो. पुढचे सगळे विधी त्यानं केले. केस उतरवलेला, नवा पंचा गुंडाळलेला माझा भाऊ अचानक बाबांसारखा दिसायला लागला होता.

तेराव्याचे पाहुणे पांगले. घरात आम्ही दोघंच उरलो. दुपारी तो टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"ताई, हा टॅग कसला?"

"बाबांनी लावलाय. श्रावणात."

"बिघडलंय?"

"नाही. चांगलं चालू आहे."

"मग?"

मला आता लपवायचं कारण नव्हतं. "तुझं उत्तर बघावं लागू नये म्हणून. तू नाही म्हणाला असशील असं वाटलं त्यांना. नवमीला दाराशी खुर्ची टाकून बसले होते. दुसऱ्या दिवशी तुझ्यासाठी बोंबील घेतले."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"ताई, मी नाही कुठे म्हणालो? मी लगेच उत्तर दिलं होतं. त्यांनीच मला परत काही कळवलं नाही."

"काय उत्तर दिलं होतंस?" मी विचारलं.

"मी विचारलं होतं, नवमीला जमत नाही, सर्वपित्रीला आलो तर चालेल का. काहीच बोलले नाहीत. मी समजलो, बाबांना नवमी म्हणजे नवमी. रागावले असतील. दुसऱ्यांदा काय विचारायचं?" त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. "गणपतीत तुला विचारलं होतं ना, कसे आहेत? मला वाटलं, तू तरी सांगशील काही."

बाहेर कारखान्याचा पाळी बदलाचा भोंगा झाला. मग भाऊ म्हणाला, "हा काढू या."

"ज्याने लावला..." मी सवयीनं बोलले आणि थांबले.

"तो येऊ शकत नाही," भाऊ म्हणाला. "आपण दोघं आहोत. आणि मी त्यांच्याच खात्याचा आहे." तो तिकडे विजेच्या कारखान्यात बॉयलरवरच होता. बाबांनीच त्याला आयटीआयला तो ट्रेड घ्यायला लावला होता.

त्यानं सगळं रीतसर केलं. प्लग बघितला, टेबलामागे वाकून वायर शेवटपर्यंत हातानं चाचपली. मग सरळ उभा राहिला. आता काय करायचं ते मला माहीत होतं, आणि त्यानं ते करू नये असं वाटत होतं.

"बाबा," त्यानं हाक मारली. मग मोठ्यानं, "बाबा!"

दोन खोल्यांचं घर. आम्ही दोघं ऐकत उभे राहिलो. मग त्यानं दोरी सोडली.

कॉम्प्युटर सुरू झाला. काळा पडदा आला नाही, कुणी एफ-वन मागितला नाही. तारीख बरोबर होती. मी मेलचं बटण दाबलं आणि पहिल्याच झटक्यात लागलं. लाल खूण नाही, काही नाही. महिनोन्महिन्यांचं टपाल भराभरा उतरू लागलं, बिलं, पत्रकं, जाहिराती, आणि मग सगळ्यांच्या तळाशी, आषाढातलं, न वाचलेलं, ठळक अक्षरांत भावाचं नाव.

"तू वाच," तो म्हणाला आणि बाबांच्या खाटेवर जाऊन बसला.

मी मोठ्यानं वाचलं. चारच ओळी होत्या.

"बाबा, नवमीला माझा रिलीव्हर पोचत नाही. तो सर्वपित्रीच्या थोडा आधी येतोय. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. सर्वपित्रीला येऊन आईचं केलं तर चालेल का, कळवा."

तिसरी ओळ मी परत वाचली, या वेळी मनात. दवाखान्याच्या व्हरांड्यात ज्या शब्दांवरून तो बाबांना सोडून गेला, तेच शब्द त्यानं बाबांना लिहून पाठवले होते. बाबांना यापेक्षा जास्त काही नको होतं. ही ओळ वाचून त्यांनी चष्मा काढून पुसला असता, आणि मला फोन करून म्हणाले असते, "बरोबर आहे त्याचं. रिलीव्हर न्हाय." ती ओळ सबंध पावसाळा त्यांच्या हातापासून एका बटणावर होती.

"चाललं असतं का गं त्यांना?" भावानं विचारलं. "सर्वपित्रीला?"

"चाललं असतं," मी म्हणाले.

टॅग त्याच्या मुठीत होता. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी नवमीला येतो. आधीच सुट्टी टाकतो. आईचं करतो."

मी त्याच्याजवळ जाऊन बसले. त्याच्या उतरवलेल्या डोक्यावर हात ठेवला. बाबा गेल्यावर आता आईला नवमी उरली नव्हती, हे त्याला मलाच सांगावं लागलं.